विश्लेषण : सेफ्टी शूजवर चपलेएवढाच कर कशासाठी?

बांधकामाच्या साइटवर सळई उचलणारा मजूर रबरी स्लीपरवर दिसतो, तेव्हा दोष त्याच्या निष्काळजीपणाला दिला जातो. पण पायाच्या बोटांवर वीस किलोचे वजन एक मीटरवरून पडले तरी बोटे शाबूत ठेवणारा बूट महाग का पडतो, याचे एक उत्तर सीमाशुल्काच्या दरपत्रकातही आहे. हे दरपत्रक कामगाराचा सेफ्टी शू आणि पार्टीत घालायची सँडल यांना एकाच पारड्यात तोलते.

सेफ्टी शूजचे वर्गीकरण कसे होते?

जगभरातील सीमाशुल्क यंत्रणा वस्तूंना ‘एचएस कोड’ देतात. त्यातील ६४ वे प्रकरण पादत्राणांचे. बूट कशासाठी वापरायचा, हा प्रश्न येथे सहसा विचारला जात नाही. तो कशाचा बनला आहे, एवढेच पाहिले जाते. तळ आणि वरचा भाग रबर किंवा प्लास्टिकचा, साच्यातून काढलेला आणि पाणी न शिरणारा असेल, म्हणजे गमबूट, तर ६४०१. रबर-प्लास्टिकचीच इतर पादत्राणे ६४०२ मध्ये. वरचा भाग चामड्याचा असेल तर ६४०३ आणि कापडी असेल तर ६४०४.

बुटात दोन-तीन प्रकारचे साहित्य असेल तर? वरच्या भागात बाहेरून ज्या साहित्याचे क्षेत्रफळ सर्वाधिक, ते धरले जाते. घोट्यावरचे पॅच, काठपट्टी, बकल यांसारख्या जोडकामाची मोजदाद होत नाही. तळव्यासाठी जमिनीला टेकणाऱ्या भागाचे साहित्य पाहतात.

मग ‘स्टील टो’चे काय?

संरक्षणाची दखल या रचनेत जवळपास एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे बोटांवरची धातूची टोपी. अशी टोपी असलेल्या गमबुटांना ६४०१.१० आणि चामड्याच्या बुटांना ६४०३.४० हा वेगळा उपशीर्षक आहे. ६४०२ आणि ६४०४ मध्ये आज तसा सहा अंकी उपशीर्षक नाही.

अडचण इथेच आहे. आता अनेक सेफ्टी शूजमध्ये पोलादाऐवजी फायबर किंवा कंपोझिट टो असते. ती हलकी असते, तापत नाही, वीज वाहून नेत नाही आणि मेटल डिटेक्टरमध्ये वाजत नाही. पण ती ‘धातूची’ नाही. त्यामुळे तेच चामडे, तोच तळवा आणि तेवढेच संरक्षण असूनही हा बूट ६४०३.४० मधून बाहेर पडतो आणि घोटा झाकतो की नाही, यावरून साध्या बुटांच्या रांगेत ६४०३.९१ किंवा ६४०३.९९ मध्ये जाऊन बसतो.

भारतात शुल्क किती?

२०२० च्या अर्थसंकल्पात पादत्राणांवरील मूळ सीमाशुल्क २५ वरून ३५ टक्के झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते २० टक्क्यांवर आणल्याचे दिसले. मात्र सोबत १८.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आला. आधी ३५ टक्के शुल्क आणि त्यावर समाजकल्याण अधिभार मिळून ३८.५ टक्के होत होते. आताची बेरीजही ३८.५ टक्केच. म्हणजे दर बदलले, बोजा बदलला नाही.

त्यावर आयजीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडीला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के. समजा, ३,००० रुपये आयात मूल्याचा विशेष बूट आहे. ३८.५ टक्क्यांप्रमाणे १,१५५ रुपये जोडले की ४,१५५ रुपये. त्यावर १८ टक्के म्हणजे ७४७.९० रुपये. बंदरातून बाहेर पडताना किंमत ४,९०२.९० रुपये. मोठा कारखाना जीएसटीचे क्रेडिट घेऊ शकतो. कंपोझिशन योजनेतला छोटा व्यावसायिक ते घेऊ शकत नाही.

बाहेरच्या देशांत काय?

तिथे कोड बदलला की दर बदलतो. युरोपीय संघात धातूची टोपी असलेल्या चामड्याच्या बुटावर मूळ दर ८ टक्के, तर तशाच टोपीच्या गमबुटावर १७ टक्के. अमेरिकेत गमबुटावर मूळ दर ३७.५ टक्के आहे, चामड्याच्या बुटावर ५ ते ८.५ टक्के. म्हणून कानपूर किंवा आंबूरच्या निर्यातदाराला कोडची काळजी घ्यावीच लागते. आपल्या आयातदाराला संभ्रम असेल, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८एच नुसार आधीच निर्णय मागता येतो. त्यासाठीचे एक प्राधिकरण मुंबईत आहे.

मुद्दा कुठे चुकतो आहे?

‘सेफ्टी शू म्हणजे काय’ हे सरकारला ठाऊक नाही, असे मुळीच नाही. भारतीय मानक आयएस १५२९८ मध्ये ते नेमके लिहिले आहे. भाग २ मधील सेफ्टी फुटवेअरच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. भाग ३ मधील प्रोटेक्टिव्ह फुटवेअरसाठी ही मर्यादा १०० ज्यूल आहे. भाग ४ मधील ऑक्युपेशनल फुटवेअरला टोपीची अट नाही. टोपी पोलादाची की फायबरची, याला महत्त्व नाही. ती चाचणीत टिकते का, हे महत्त्वाचे. २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने या बुटांसाठी मानक चिन्हाची सक्तीही आणली. म्हणजे एका खात्याला सेफ्टी शू ओळखता येतो आणि दुसऱ्या खात्याच्या दरपत्रकात त्याला नावच नाही.

शुल्क सरसकट शून्य करा, असे म्हणणे सोपे आहे, पण योग्य नाही. नेहमीचे स्टील टो बूट देशात भरपूर बनतात. त्या कारागिरांना स्वस्त आयातीच्या तोंडी देऊन मजुराचे भले होणार नाही. पण सहा अंकांपुढचे दोन अंक भारताच्या हातात आहेत. त्यांचा वापर करून आयएस १५२९८ च्या बुटांना, टोपी कशाचीही असो, स्वतंत्र आठ अंकी कोड देता येईल. तो मिळाला तरच असे किती बूट येतात, कुठले येतात आणि देशात काय बनत नाही, हे आकड्यांत दिसेल. मग रसायने किंवा उच्चदाबाच्या विजेपासून वाचवणाऱ्या, येथे पुरेशा न बनणाऱ्या बुटांपुरते शुल्क कमी करता येईल. आणि मानक चिन्ह असलेल्या सेफ्टी शूवर किंमत न पाहता ५ टक्के जीएसटी लावायला कोड बदलण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

महाग बूट मजूर विकत घेत नाही, ठेकेदार घेतो; आणि खर्च वाढला की सर्वांत आधी तो सेफ्टी शूजच्या जागी तसेच दिसणारे साधे बूट आणतो. सळई पडेपर्यंत दोन्हींत फरक दिसत नाही.