कापसाचा ओलावा मोजतात, खाऱ्या माशाचा का नाही?

खानदेशातल्या शेतकऱ्याला ओलाव्याची किंमत शिकवायला नको. सीसीआयच्या केंद्रावर कापसात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तरच पूर्ण हमीभाव मिळतो. पुढे टक्क्यागणिक कपात, आणि १२ च्या वर गेला की माल परत. पण तोच शेतकरी, त्याचा सालदार किंवा निंदणीला येणारी बाई अमळनेरच्या बाजारात खारा मासा घेते, तेव्हा त्यातले पाणी कोण मोजतो? कोणीच नाही. ते मासळीच्या भावाने विकले जाते.

हिशोब सोपा आहे. समजा, दोन दुकानांतून एक-एक किलो खारा मासा घेतला. दोन्हींत मीठ १५ टक्के. एकात पाणी २० टक्के, दुसऱ्यात ४०. पहिल्यात पदरात पडते ६५० ग्रॅम मासळी, दुसऱ्यात फक्त ४५०. पैसे मात्र तेवढेच. शिवाय ओला माल लवकर बिघडतो, त्याला बुरशी धरते, लालसर डाग पडतात.

बरे, हे नजरेने कळत नाही. वरून कडक, मिठाने पांढरा झालेला मासा आत ओला असू शकतो. इथेच शास्त्रज्ञांनी चुंबकीय अनुनादाचे तंत्र कामाला लावले. दवाखान्यातल्या एमआरआयचे तत्त्व तेच. जोरदार चुंबकात तुकडा ठेवून रेडिओलहरींचा झटका दिला की पाण्यातले हायड्रोजनचे अणू उत्तर देतात. मांसाला घट्ट धरलेले पाणी चटकन शांत होते, मोकळे पाणी उशिरा. मिठातला सोडियमही असाच दिसतो, म्हणून तुकडा न कापता मीठ कुठवर मुरले ते कळते. नॉर्वेतील संशोधकांनी कॉड व सॅल्मन माशांवर असे अभ्यास केले आहेत. करडई, भुईमुगातले तेल दाणा न फोडता मोजायलाही हेच तंत्र वापरतात.

मीठ बाहेरून आत हळूहळू शिरते. मांस जाड किंवा चरबीचे असेल तर आणखी उशीर लागतो. म्हणून जाड मासा नीट चिरला नाही, घाईत वाळवला, तर गाभा कच्चाच राहतो. त्यात मिठाचा एक गुण असा की हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते पाणी ओढते. पावसाळ्यात उघड्या पोत्यातला चांगला मालही त्यामुळे ओला होतो.

एवढे महागडे यंत्र अमळनेरच्या बाजारात येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पाण्याचा अंश काढायला साधी भट्टी आणि बारीक काटा पुरे. तुकड्याचे वजन करायचे, १०५ अंशावर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचे, पुन्हा वजन करायचे. घट आली तेवढे पाणी. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. अन्न व औषध प्रशासनाने पावसाळ्यात आठवडे बाजारांतून सुक्या मासळीचे नमुने घ्यावेत आणि निकाल लोकांना कळवावेत. व्यापाऱ्यांनी पोती उघडी न ठेवता माल बंद डब्यात ठेवावा.

गिऱ्हाइकाने घेताना मासा जाड भागात मोडून पाहावा. आत मऊ, चिकट किंवा लालसर दिसला तर घेऊ नये. कापूस विकताना आपला ओलावा कापला जातो. मासा विकत घेताना तो कापून मागायचा हक्क आपलाही आहे.