शेंडा कोणाचं ऐकतो?

देवगडकडच्या एखाद्या जुन्या, दाटलेल्या हापूसच्या बागेत भर दुपारी उभं राहून वर पाहा. खालच्या फांद्या वाळून गेलेल्या, पालवी सगळी छपराला. दोन मोठ्या झाडांच्या बेचक्यात सापडलेलं तरणं कलम काठीसारखं सरळ वर गेलेलं, फुटवे लांब, अंग बारीक. "बिचारं उपाशी आहे, उजेडासाठी धडपडतंय," असं आपण म्हणतो. मग कोणी खत वाढवायला सांगतं, कोणी बाटली आणायला. निदान चुकलं की औषध चुकायचंच.

आधी उपासमारीचा पक्ष घेऊ. सावलीत ऊन कमी, म्हणून अन्न कमी, म्हणून शेंडा लांबतो, असं हा पक्ष म्हणतो. पण उपाशी पोर कधी ताडमाड वाढतं का? लांबायलाही अन्नच खर्ची पडतं. नुसतं अन्न कमी असतं तर झाड खुरटायला हवं होतं.

खरी गोष्ट उजेडाच्या जातीत आहे. पान तांबडा आणि निळा उजेड शोषून घेतं. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा 'फार-रेड' मात्र ते बहुतेक सगळा आरपार जाऊ देतं किंवा परतवून लावतं. उघड्या उन्हात तांबडा आणि फार-रेड जवळपास सारखे असतात. दाट पानोळ्याखाली तांबडा पार मागे पडतो. हे प्रमाण मोजणारं रंगद्रव्य झाडाच्या अंगातच असतं. त्याचं नाव फायटोक्रोम. ते 660 नॅनोमीटरच्या तांबड्या उजेडाने जागं होतं आणि 730च्या फार-रेडने निजतं. ते निजलं की त्याने दाबून ठेवलेली काही प्रथिनं मोकळी होतात, ऑक्सिन आणि जिबरेलिन ही संप्रेरकं जोर धरतात, पेशी ताणल्या जातात आणि शेंडा लांबतो.

पुरावा हवा? बालारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली तो 'सायन्स' नियतकालिकात मांडला. धोतऱ्याच्या कुळातली आणि पांढऱ्या मोहरीची रोपं शेजाऱ्यांच्या गर्दीत वाढत होती. पानांवर अजून सावली पडलेली नव्हती. तरी त्यांची खोडं लांबू लागली. मग खोडाभोवती मोरचुदाच्या पाण्याचं कडं बसवलं. होय, बोर्डो मिश्रणात आपण घालतो तोच मोरचूद. त्या निळ्या पाण्याने शेजाऱ्यांच्या पानांवरून परतलेला फार-रेड अडवला आणि खोडांना गर्दीचा पत्ताच लागेना! पानांना ऊन पूर्वीइतकंच मिळत होतं. बदलली होती ती फक्त खोडाला मिळणारी वर्दी.

"ही तर झुडपं. झाडाचं काय?" हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर संकरित पॉप्लरवरच्या अभ्यासाने दिलं: माथे एकमेकांना भिडण्याआधीच त्या झाडांना शेजार कळतो, तोही फायटोक्रोममुळेच. शिवाय घनदाट जंगलाच्या तळाशी जन्म काढणाऱ्या अनेक जाती त्याच अंधारात असतात, पण त्या फारशा लांबत नाहीत. टंचाई तीच, वागणूक निराळी. एक कबुली मात्र द्यायला हवी: दाट सावलीत अन्न खरोखरच कमी पडतं, आणि लांबलेलं अंग किडकिडीत राहतं ते त्यामुळेही. पण लांबण्याचा हुकूम भुकेचा नाही.

आता दुसरा पक्ष. तो म्हणतो, "सगळा खेळ संप्रेरकांचा ना? मग बाटलीतच उत्तर आहे." कोकणात ही बाटली म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, बागेतल्या बोलीत कल्टार. ते जिबरेलिन तयार होऊ देत नाही. पालवी आवरते, मोहोर लवकर येतो. ते खोटं आहे असं कोणी म्हणणार नाही. कोकण कृषी विद्यापीठाची शिफारसही आहे: 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या सुमारास, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिलिलिटर.

पण जिबरेलिन हा निरोप्या. निरोप पाठवते ती पानोळ्यातून गाळून आलेली सावली, आणि ती जागच्या जागी आहे. निरोप्याला अडवलं तरी निरोप येतच राहतो. औषधाचा जोर ओसरला की शेंडा पुन्हा वर धावतो. मग मात्रा वाढते. हे रसायन मातीत दीर्घकाळ टिकतं. अतिरेक झाला की फुटवे आखूड होतात, मोहोर गुच्छासारखा आवळतो. आणि आतल्या वाळक्या फांदीला उजेड मिळतो का? तो बाटलीतून मिळत नाही.

म्हणून माझा पक्ष असा: उजेडाची जात हा शेंड्याला मिळणारा हुकूम आहे, आणि संप्रेरकं हे त्या हुकमाचे हरकारे. हरकाऱ्यांशी भांडण्याआधी हुकूम बदला. दहा बाय दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी 100 कलमं लावणारे जुने लोक फायटोक्रोम जाणत नव्हते, पण अंतर जाणत होते. दाट लागवड करायची तर जरूर करा, मात्र तिच्याबरोबर दरवर्षीची छाटणीही पत्करा. जुन्या बागेत मधली उभी फांदी काढून झाडाचं पोट उघडा. शेंड्यातून खाली येणाऱ्या ऑक्सिनचा धाक सुटला की खालचे निजलेले डोळे फुटतात. आणि आता त्यांच्यावर पडतं ते उघडं ऊन, गाळीव सावली नव्हे.

बागायतदारांनो, आंबा उतरला की एकदा भर दुपारी कलमाखाली बसा. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडत नसतील, तर जुलैत कल्टार मोजण्याआधी करवत काढा.