माझे मत : गच्चीवरची बाग पेन्शनरांवर सोडू नका

बालमित्रांनो, आणि मुलांना न्यायला येऊन फाटकाशी उभे राहणाऱ्या पालकांनो,

'निवृत्तीनंतरचा छंद' या विषयावर भित्तिपत्रकासाठी दोन शब्द लिहा, असे तुमच्या गुरुजींनी मला सांगितले. मी गच्चीवर भाजी लावतो हे सगळ्या आळीला माहीत आहे, म्हणून सांगितले असेल. लिहितो, पण विषयाशी थोडे भांडून. याला छंद म्हणणे मला पटत नाही.

मी २०१५ साली निवृत्त झालो. पहिला महिना बरा गेला. मग सकाळी दहा वाजले की पाय आपोआप चपलांकडे जायचे आणि जायचे कुठे ते कळायचे नाही. कोकणात आगर म्हणतात नारळी-पोफळीच्या बागेला. आपल्या गावाचे नाव आगर, आणि मी मात्र पिशवी घेऊन डहाणूच्या बाजारात मेथी आणायला! भावाभावांच्या वाटण्यांत माझ्याकडे घर आणि घराभोवती हातभर जागा उरली. बोअरचे पाणी उन्हाळ्यात मचूळ. मग राहिली ती गच्ची.

पहिल्याच महिन्यात मोठी चूक केली. लाल मातीची मोठमोठी पिंपे भरून गच्चीच्या मधोमध ठेवली. मुलगा सुट्टीला आला, त्याने पाहिले आणि तो चिडलाच. "बाबा, स्लॅब खाली येईल!" म्हणाला. गणित त्याने घातले, आणि गणिताचा मास्तर मी! एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच एवढ्या ओल्या मातीचे वजन पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. आता चौथीच्या मुलांनी करून पाहावे : दहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट उंच वाफा केला तर डोक्यावर किती वजन झाले? दीड टनाच्या आसपास येईल. तेव्हा माती कमी, आणि वाळलेला पाला, नारळाच्या सोडणाचा चुरा व कुजलेले खत जास्त, हे मी त्या दिवशी शिकलो. पिंपेही मधून उचलून भिंतींच्या आणि तुळयांच्या वर आणली. खाली पाणी साचू नये म्हणून उतार पाहून ठेवली. गच्ची आधीच गळत असेल तर या भानगडीत पडूच नये, हे स्पष्ट सांगतो.

पाल्यावर भाजी येते यावर माझा विश्वास बसेना. पण मुंबईत हे फार पूर्वीच करून दाखवलेले आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या (आताचे मुंबई बंदर प्राधिकरण) कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि झाडांचा पाला कुजवून सुमारे ३,००० चौरस फुटांत बाग उठवली. हेतू कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचा होता, भाजी आणि फळे हा वरचा लाभ. आणि आपण? आपण सकाळी अंगण झाडतो, चिकूचा-आंब्याचा पाला गोळा करतो आणि काडी लावतो. धूर शेजाऱ्याच्या घरात, आणि खत बाजारातून विकत! मी आता शेजाऱ्यांचा पाला मागून आणतो. पहिल्यांदा हसले, आता फाटकाशी पोते ठेवून जातात.

'सेंद्रिय' या शब्दाविषयीही बोलले पाहिजे. हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. ज्या गाईचे शेण मी आणतो तिने खाल्लेल्या पेंढ्यावर काय मारले होते, ते मला ठाऊक नाही. म्हणून मी माझ्या भाजीला 'बिनफवारणीची' म्हणतो, जास्त काही म्हणत नाही. मावा पडला तर निंबोळ्या कुटून, पन्नास ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालतो, सकाळी फडक्यातून गाळतो, चिमूटभर साबण घालतो आणि पानांच्या खालून मारतो. वरून मारून उपयोग नाही, मावा खाली असतो. पिठ्या ढेकूण मात्र त्यानेही सहज जात नाही. सगळे जमते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

तलासरीहून सरहद्द ओलांडली की उंबरगाव तालुका लागतो. तिथल्या देहरी गावात भास्कर सावे नावाचे शेतकरी होऊन गेले (१९२२–२०१५). त्यांची 'कल्पवृक्ष' ही नारळ-चिकूची वाडी बघायला जपानचे मासानोबू फुकुओका आले होते. सावे आधी रासायनिक खतांवर शेती करत, मग ती सोडून निसर्गशेतीकडे वळले. झाडाच्या बुंध्याशी पाणी न ओतता मधल्या चरांत सोडायचे, ही त्यांची रीत. पण मला सांगायचे ते वेगळेच. सावे शेतीत पुरते उतरण्याआधी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मीही प्राथमिक शिक्षकच. मी मात्र फळ्यावर खोड, मूळ, पान यांची आकृती काढून बाण दाखवत राहिलो, आणि छत्तीस वर्षांत एक वांगे लावले नाही.

इथे एक गोष्ट सांगतो, जी मी घरीही उशिरा सांगितली. १९८६ साल. तलासरीकडच्या एका शाळेत मी चौथीला शिकवत होतो. पावसाळ्यात एक वारली मुलगा बारा दिवस आला नाही. आवणी चालू होती. तेराव्या दिवशी आला तेव्हा मी त्याला दुपारपर्यंत दाराशी उभे केले आणि हजेरीतल्या बारा गैरहजेऱ्या सगळ्या वर्गाला वाचून दाखवल्या. दिवाळीनंतर तो आलाच नाही.

तो मला पुन्हा भेटला निवृत्तीनंतर. शेणखताचे पोते घेऊन माणूस दाराशी आला, त्याने मला ओळखले, मी त्याला नाही. गच्चीवर चढला. माझी वांगी माना टाकून उभी होती. मी रोज दोन वेळा पाणी घालत होतो तरी! त्याने स्लॅबला हात लावला आणि म्हणाला, "गुरजी, मुळं शिजतात. डबा विटेवर ठेवा, वर पेंढा घाला." आठ दिवसांत रोपे उभी राहिली. मी त्या बारा दिवसांचा विषय काढला. तो रागावला नाही. "आवण कुणासाठी थांबत नाही, गुरजी," एवढेच म्हणाला.

याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबादच्या टेकडीवर कुरणशाळा चालवल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात गेली. आम्ही ते नाव परीक्षेपुरते पाठ केले होते.

म्हणून माझे मत असे, की ही बाग साठीनंतरच्या रिकाम्या वेळेसाठी राखू नये. शाळेची परसबाग असते, पण ती बहुधा पाहुणे यायच्या आधी पाणी पिते. आठवड्यातून एक तास तिला वेळापत्रकात द्या, आणि त्या तासाला शिकवू द्या ज्या मुलांच्या घरी शेती आहे त्यांना. ज्याला वाचताना अडखळायला होते त्याला वर्गासमोर मेथीचा वाफा करून दाखवू द्या.

एक आई मला म्हणाली, "गुरुजी, मातीतच हात घालायचे तर शाळेत कशाला पाठवू?" तिचे चुकत नाही. मुलगा मातीतून सुटावा म्हणून ती त्याला पाठवते. मी तिला म्हटले, बाई, एका तासाने तो शेतकरी होत नाही. पण त्याला जे येते त्याला गुण मिळाले, तर तो शाळेत टिकेल. तिला पटले की नाही, सांगता येत नाही. मान हलवली, एवढे खरे.

शाळेच्या छपरावर मात्र मुलांना चढवू नये. डबे ओट्याला लागून, उन्हात ठेवले तरी पुरे.

दसऱ्यानंतर माझ्याकडे वांगी आणि टोमॅटोची रोपे तयार असतील. त्या खतवाल्या मित्रालाही शाळेत यायला सांगितले आहे. कापणी उरकली की येतो म्हणाला. ज्यांना रोप हवे त्यांनी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणावा, तळाला तीन भोके पाडून. भोके घरातल्या मोठ्या माणसांकडून पाडून घ्यावीत.

— एक सेवानिवृत्त शिक्षक, आगर