बटण माझं, पेटी कुणाची?



मागच्या महिन्यात नातीकडे पुण्याला गेले होते. ती चित्रकला शिकते. म्हणाली, "आजी, तंत्रज्ञान वापरून लोकांना चिडवणारे एक कलाकार बोलणार आहेत, चल." माझा चौविहार, म्हणून सूर्यास्ताआधीच डबा खाल्ला आणि तिच्याबरोबर गेले. कलाकाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पहिला अर्धा तास त्यांनी परदेशातली कामं दाखवली. त्यातलं एक डेन्मार्कमधलं. कोल्डिंगच्या ट्रापहोल्ट संग्रहालयात २००० साली मार्को एव्हारिस्ती यांनी दहा मिक्सर मांडले होते. प्रत्येकात पाणी आणि जिवंत गोल्डफिश, वीज चालू. वाटेल त्याने बटण दाबावं. कुणीतरी दाबलंच. संग्रहालयाच्या संचालकांवर प्राण्यांना क्रूरपणे वागवल्याचा खटला झाला आणि २००३ साली ते सुटले. कारण काय, तर मासे क्षणात मेले, त्यांना यातना झाल्या नाहीत! सभागृहात हशा पिकला. माझ्या हातात जपमाळ होती, ती तशीच थांबली.

मग त्यांनी सगळ्यांना फोनवर एक दुवा उघडायला सांगितला. पडद्यावर एक पट्टी आली, ती वर सरकवायची. सगळ्यांनी सरकवली. मीही सरकवली. कशासाठी, ते विचारलं नाही. तोवर पडद्यावर शेजारच्या खोलीतली काचेची पेटी दिसली. आत मोठा दिवा आणि पतंग. आम्ही पट्टी जितकी वर नेत होतो तितका दिवा प्रखर होत होता. पतंग त्यावर आपटत होते, दोन-तीन खाली पडलेले. कलाकार म्हणाले, "आता सांगा, दोषी कोण?" टाळ्या. माझी नातही टाळ्या वाजवत होती.

मी उठून विचारलं, "पेटीत पतंग कुणी घातले?" ते हसून म्हणाले, "मावशी, तुमच्या स्वयंपाकघरातल्या दिव्यावरही पतंग मरतात." उत्तर तयारच होतं त्यांच्याजवळ. पुन्हा हशा.

मरतात, खरं आहे. पावसाळ्यात आमच्या नेवाशाला प्रवरेकडून इतके किडे येतात की व्हरांड्यातला दिवा लावायची सोय नसते. म्हणून तर आमच्याकडे दिवस मावळायच्या आत ताटं उचलतात. तरी हिंसा होते, आणि म्हणूनच रोज प्रतिक्रमण आहे. पण संसार चालवताना नाइलाजाने होणारी ती आरंभी हिंसा, आणि जाणूनबुजून, योजून केलेली ती संकल्पी. हा फरक पाठशाळेतल्या पोरालाही कळतो. आमच्या घरात दिवा पोळी भाजण्यासाठी लावतात. त्यांनी तो पतंगांसाठी लावला, पतंग धरून आणून. चौरिंद्रिय जीव, फडफडणारा, स्पष्ट दिसणारा. चुकून पायाखाली आला नव्हता तो.

म्हणे, दोष प्रेक्षकाचा. माझा आहेच, मी पट्टी सरकवली. पण बी.कॉम.ला १८७२ चा करार कायदा शिकले आहे मी. आडत्याने मालकाच्या सांगण्यावरून जे केलं ते मालकालाही बांधतं. आपल्या शास्त्रात हे त्याहून जुनं आहे: करणं, करवणं आणि अनुमोदन. केलं आम्ही, करवलं त्यांनी, टाळ्या वाजवणाऱ्यांनी अनुमोदन दिलं. श्रावकाच्या व्रतात बहुधा दोनच करणांचे पच्चक्खाण असतात, अनुमोदनाची सूट असते. पण सूट म्हणजे पाप लागत नाही असं नव्हे. संसारात राहून ते टाळणं जमत नाही, इतकंच. सगळ्यांचा हात लागला की स्वतःच्या हातावरचं निघून जातं, असा हिशोब मी कुठल्याही खतावणीत पाहिला नाही.

यावर नात म्हणाली, "आजी, तुला तंत्रज्ञानच नको आहे." तसं मुळीच नाही. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी २००३ साली एक संकेतस्थळ केलं होतं. वेगवेगळ्या धर्मांच्या श्रद्धास्थानी नेऊन आणलेली नेटवर्कची केबल आणि संगणकावरून मिळणारे आशीर्वाद. वाचून मला टोचलं, कारण मीही सकाळी फोनवरच दर्शन घेते. टोचलं तरी कुणाचा जीव गेला नाही. प्रश्न विचारायला पतंग लागतात, हे कुणी ठरवलं?

आणि आपलंही थोडं बोलू. घरी आल्यावर हे सांगितलं तेव्हा मंडळातल्या एक ताई म्हणाल्या, "एक उपवास करून टाका, झालं." उपवास मी केला. पण ताई, 'झालं' कसं? दुसऱ्याच्या मांडणीत न विचारता बोट चालवायची सवय तशीच राहिली ना. दिवसातून वीस वेळा 'मान्य आहे' वर बोट ठेवतो आपण, खाली काय लिहिलंय ते न वाचता.

स्थानकात साध्वीजींना सांगितलं. त्यांनी आलोचना ऐकून घेतली आणि विचारलं, "पट्टी खाली आणली का?" मी गप्प. टाळ्यांच्या गडबडीत फोन पर्समध्ये टाकला होता. खाली आणायचं सुचलंच नव्हतं.

परवा आयोजकांचा निरोप आला: कार्यक्रम कसा वाटला, पाचपैकी तारे द्या. तारे दिले नाहीत. खालच्या रकान्यात लिहिलं, "पेटीतल्या पतंगांचं पुढे काय केलं?" अजून उत्तर नाही.