निळा जांभळा का होतो?

एप्रिल महिना आला की रिठदसारख्या गावागावांतून जयंतीचे निळे फ्लेक्स लागतात. संगणकाच्या पडद्यावर तो निळा कसा लखलखीत असतो! छापून आला की पुष्कळदा जांभळट, मलूल. लोक शाईला बोल लावतात, छापणाऱ्याला लावतात. आणि आपण कलाशाखेचे विद्यार्थी 'हा यंत्राचा विषय' म्हणून मान वळवतो. मला हे पटत नाही. हा विषय भाषांतराचा आहे, आणि भाषांतर हे तर आपलेच क्षेत्र!

पडदा प्रकाशाने बोलतो : तांबडा, हिरवा, निळा. छपाई शाईने बोलते : सायन, मजेंटा, पिवळी, काळी. शाई प्रकाश देत नाही, गिळते. शिवाय 'निळा २५५' या आकड्याला स्वतःचा अर्थ नाही. कोणता निळा, हे आधी ठरवावे लागते. १९९६ साली एचपी व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी सुचवलेली 'एसआरजीबी' ही बोली आज सर्रास चालते. दोन बोलींमधला दुभाषी म्हणजे माणसाच्या नजरेवरून बेतलेले मोजमाप. त्याचा पाया आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ साली घातला. आपल्या राष्ट्रध्वजाचे रंगही भारतीय मानकात याच मोजमापाने नोंदलेले आहेत.

खरी अडचण पुढेच. पडद्यावरचा तो झगझगीत निळा शाईच्या कोशात नाहीच. मग सॉफ्टवेअर एक तर न बसणारे रंग तेवढे ओढून जवळच्या रंगावर बसवते, नाहीतर सगळे चित्रच आवळून रंगांचे परस्परनाते राखते. पहिल्या रीतीत गडद छटा एकमेकींत मिसळतात, दुसरीत सगळेच थोडे मंदावते. यातले काय पत्करावे, हे यंत्राला कळत नाही; ते आपले नेमून दिलेले करते. छायाचित्राला दुसरी रीत बरी. फ्लेक्सच्या सपाट निळ्यासाठी मात्र आकडे हातानेच द्यावेत : सायन भरपूर, मजेंटा निदान तीस टक्क्यांनी कमी. मजेंटा बरोबरीला आली की जांभळेपण आलेच. चमक थोडी जाईल, जाऊ द्यावी.

कोणी म्हणेल, एवढ्याशा छटेने काय बिघडते? ज्या रंगाखाली माणसे एकत्र येतात, त्याविषयी असे म्हणवत नाही. १९३३ साली 'प्रभात'ने 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती जर्मनीत करवून घेतल्या, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. तेव्हा ते काम परक्या हाती सोपवणे भाग होते. आज ते बटण आपल्याच हाताखाली आहे. निदान या वार्षिकाच्या मुखपृष्ठापुरता तरी संपादक मंडळाने छपाईआधी एक कागदी नमुना मागवावा, आणि तो दिव्याखाली नव्हे, दिवसाच्या उजेडात पाहावा.