घड्याळाची घडणावळ

आपल्या घरातल्या बायका सोनं घ्यायला गेल्या की सराफाला पहिला प्रश्न विचारतात, "घडणावळ किती लावली?" सोन्याचा भाव पेपरात छापून येतो, त्यात फसवाफसवीला फार जागा नाही. खरी गंमत घडणावळीत असते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आणि आपण इंजिनियर लोक? दीड-दोन लाखांचं मेकॅनिकल घड्याळ घेताना हा प्रश्न एकदाही विचारत नाही. आपण एक्सेल शीट उघडतो.

खरंच उघडतो! पहिला रकाना ब्रँड, मग पाण्यात किती मीटर, पॉवर रिझर्व्ह किती तास, तासाला किती ठोके, काच सफायर आहे का, मशीन इन-हाउस आहे का. मग वेटेज द्यायचं आणि बेरीज मारायची. हा प्रकार सर्व्हर घ्यायला उत्तम आहे. पण मंडळी, वेळ बघण्यासाठी तर आपण हे घेतच नाही ना? महिन्याला दहा-पंधरा सेकंदही न चुकणारं क्वार्ट्झ हजार रुपयात मिळतं, आणि दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चुकणाऱ्या मेकॅनिकल मशीनला स्विस लोक क्रोनोमीटरचं सर्टिफिकेट देतात. हा वाद १९६९ च्या नाताळात सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन बाजारात आणलं तेव्हाच संपला. त्यानंतर मेकॅनिकल घड्याळात विकत घेण्यासारखं जे उरलं ते म्हणजे माणसाच्या हाताचं काम. म्हणजे घडणावळ. आणि नेमका तोच रकाना आपल्या शीटमध्ये नाही.

दुकानदार यावर काय करतो? घड्याळ उलटं करतो. मागे काच असते, आत सोनेरी रोटर गोल फिरतो, मशीनवर समांतर पट्टे दिसतात. "सर, जिनिव्हा स्ट्राइप्स!" आपण खूश. अहो, या किमतीत ते पट्टे यंत्राने घाऊक मारलेले असतात. पोहे झाल्यावर वरून कोथिंबीर भुरभुरावी तसे. कोथिंबिरीबद्दल माझी तक्रार नाही, पण तिचे पन्नास हजार लावू नका.

खरं काम कसं ओळखायचं? मशीनच्या प्रत्येक पट्टीची कड ४५ अंशात उतरवून आरशासारखी करतात. त्यात दोन कडा आतल्या बाजूला मिळतात तो कोपरा बघायचा. फिरतं कटर गोल असतं, त्यामुळे यंत्राने केलेला आतला कोपरा नेहमी किंचित गोलसर राहतो. टोकदार कोपरा हवा असेल तर माणसाने कानशीने आणि लाकडाच्या काडीने तासन् तास घासावं लागतं, दुसरा उपाय नाही. हे काम फिलिप द्युफूरसारखा माणूस करतो. त्याचं 'सिम्प्लिसिटी' हे साधं, फक्त वेळ दाखवणारं घड्याळ २०२० मध्ये लिलावात १३ लाख फ्रँकच्या वर गेलं. तेव्हा दीड लाखात मागच्या काचेतून ते दिसेल ही आशा सोडा. मिळणार नाही. जो "मिळेल" म्हणतो तो कोथिंबीर विकतोय.

मग बजेटवाल्याने काय करावं, एचएमटी शोधत फिरावं? (तसं जनताच्या मागे साधं पोलादी झाकण होतं, दाखवायला काही नव्हतं आणि दाखवल्याचा आवही नव्हता. पण तो कारखाना २०१६ पासून इतिहासजमा आहे.) माझं म्हणणं सरळ आहे. पैसे पुढच्या बाजूला खर्च करा. केस, तबकडी, काटे, तासाच्या खुणा. दिवसातून पन्नास वेळा तुम्ही हेच बघणार आहात. मागची काच मनगटावरच्या केसांना दिसते.

आणि पुढच्या बाजूचं खरं काम मर्यादित पैशात कुणी करत असेल तर ते जपानी. ग्रँड सेइकोची १९६७ ची ४४जीएस बघा. तारो तानाका या डिझायनरने ठरवलं की पृष्ठभाग सपाट हवेत, आरशासारखे हवेत आणि दोन पृष्ठभाग मिळतात तिथली धार चाकूसारखी हवी. त्यासाठी जे पॉलिश करतात त्याला ते 'झारात्सू' म्हणतात. नाव ऐकून सामुराईची तलवार वगैरे आठवेल, पण ते पॉलिशच्या युरोपियन यंत्रांवरच्या 'सालाझ' या नावाचं जपानी तोंडात झालेलं रूप आहे. कारागीर केस फिरत्या चकतीवर हाताने धरतो. दाब किंवा कोन जरा चुकला की धार गेली.

हे तपासायला अक्कल लागत नाही, ट्यूबलाइट लागते. घड्याळाच्या चकचकीत बाजूत ट्यूबचं प्रतिबिंब बघा. सरळ रेघ दिसली तर पृष्ठभाग खरोखर सपाट आहे. सापासारखी वळली तर नुसतं बफ मारून चमकवलंय. मग सराफाचं दहा पटींचं भिंग घ्या, काही शे रुपयात मिळतं, आणि काट्यांच्या कडा बघा. छपाईची अक्षरं फुटलीत का बघा. चकचकीत आणि ब्रश केलेला भाग मिळतो ती रेषा बघा. मोठमोठ्या नावांची घड्याळं या भिंगाखाली घामाघूम होतात. दुकानदार भिंग बघून तोंड वाकडं करेल. करू दे. तुमच्या आजीपुढेही सराफ तोंड वाकडं करायचा.

आता पैशाचं. नवीन ग्रँड सेइको या बजेटात बसत नाही हे मान्य. जुनं घ्या. १९९८ साली आलेल्या ९एस मशीनची साधी, तीन काट्यांची मॉडेल्स वापरलेली घेतली तर थोडं ताणून दोन-अडीच लाखांच्या आसपास सापडतात. बाहेरून मागवणार असाल तर कस्टम धरून हिशोब करा. तेही जड वाटत असेल तर साठीच्या दशकातलं किंग सेइको बघा. ४५ मालिकेतलं किल्लीचं मशीन तासाला ३६,००० ठोके देतं आणि केसच्या धारा तशाच तिखट. "घड्याळ ही इन्व्हेस्टमेंट आहे" म्हणणाऱ्या मित्राला २०२२ च्या सुरुवातीला जुन्या घड्याळांचे भाव कुठे होते आणि नंतर कुठे आले ते विचारा, गप्प बसेल. बहुतेक घड्याळं दुकानातून बाहेर पडताच स्वस्त होतात. पहिल्या मालकाचं ते नुकसान तुमच्या घडणावळीत जमा करून घ्या, एवढाच यातला इन्व्हेस्टमेंटचा भाग.

पण जुन्यात एक मोठा खड्डा आहे, आणि तो आपल्याच गावचा. जगभरातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' हा शब्द शिवीसारखा वापरतात. जुनं मशीन, कुठल्या तरी भलत्याच घड्याळाची केस आणि ताजी रंगवलेली निळी-केशरी तबकडी. ऐकताना वाईट वाटतं, पण शब्द खोटा नाही. साठ वर्षांची तबकडी काल रंगवल्यासारखी दिसत असेल तर ती कालच रंगवलेली असते.

त्याहून वाईट म्हणजे प्रेमाने केलेलं पॉलिश. विकणारा म्हणतो, "एकदम नवीन करून दिलंय." म्हणजे ज्या धारेसाठी तुम्ही पैसे मोजताय तीच त्याने पाच मिनिटांत बफवर धरून गोल केली. साबणाच्या वडीसारखी. ती परत येत नाही, कारण धातू परत येत नाही. ओरखडे असलेलं पण धार शाबूत असलेलं घड्याळ दहा हजार जास्त देऊनही घ्या. आणि पुढे सर्व्हिसला द्याल तेव्हा पावतीवर लिहून घ्या: पॉलिश करू नये. तोंडी सांगून भागत नाही, काउंटरवरचा माणूस मान डोलावतो आणि आतला माणूस बफ चालू करतो.