ऑफरमधला काजू स्वस्त, बागेतली बीही स्वस्त : हिशेब किलोवर करून बघा

सिंधुदुर्ग : गणपती-दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या ठिकाणी सुपरमार्केटात काजू, बदाम, पिस्त्याच्या पाकिटांवर ऑफरच्या चिठ्ठ्या लागतात. 'एकावर एक मोफत', 'निम्म्या दरात' असे फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. मुंबईचा चाकरमानी पण गावी येताना आता तिथलीच पाकिटं घेऊन येतो. ज्या वाडीत ही पाकिटं येतात, त्याच वाडीतल्या बागायतदाराने मार्च ते मे महिन्यात आपली काजू बी व्यापाऱ्याच्या काट्यावर घातलेली असते, आणि तेव्हा भाव पडला म्हणून ओरड झालेली असते.

मॉलमध्ये काजू स्वस्त का, आणि बागेत बी स्वस्त का? या दोन प्रश्नांचं उत्तर बरंचसं एकच आहे. पण त्याआधी पाकीट खरंच स्वस्त आहे का, ते बघायला हवं.

पाकिटाचा नको, किलोचा दर बघा

ऑफरमधली पाकिटं सहसा २०० किंवा २५० ग्रॅमची असतात. समजा, २०० ग्रॅमचं पाकीट १८९ रुपयांना आहे आणि शेजारचं २५० ग्रॅमचं २३० रुपयांना. हात आपोआप १८९ च्या पाकिटाकडे जातो. पण किलोवर हिशेब केला तर पहिलं ९४५ रुपये किलो पडतं आणि दुसरं ९२० रुपये. एकावर एक मोफत असेल तर दोन्ही पाकिटांचं वजन मिळवून किमतीला भागायचं. छापील ३९९ रुपयांत २०० ग्रॅमची दोन पाकिटं मिळाली, तर दर साधारण ९९८ रुपये किलो झाला. म्हणजे 'मोफत' लिहिलेलं या तिघांत महाग निघालं.

पाकिटावर छापील किमतीजवळ बारीक अक्षरात प्रति ग्रॅम दर लिहिलेला असतो. त्याला हजाराने गुणलं की किलोचा दर मिळतो. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर सगळ्यांकडे आहे. फक्त एक लक्षात ठेवायचं, हा दर छापील किमतीवरचा असतो. ऑफरचा दर आपला आपणच काढावा लागतो.

नंबर म्हणजे काय

दुसरी गोष्ट आकाराची. काजूगराला १८०, २४०, ३२०, ४५० असे नंबर असतात. हा नंबर म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो आकडा. नंबर लहान तेवढा गर मोठा आणि दरही जास्त. अख्ख्या गराच्या खाली पाकळी, तुकडा आणि कणी येते. त्यांचा दर उतरत जातो.

घरी तपासायची सोपी रीत आहे. १०० ग्रॅम गर मोजून घ्यावेत. चाळीसच्या आसपास भरले तर १८० नंबर, पन्नास-त्रेपन्न भरले तर २४०, सत्तरपर्यंत गेले तर ३२० आणि शंभराला टेकले तर ४५० नंबरचा माल. पाकिटावर अख्ख्या मोठ्या काजूचं चित्र आणि आत ४५० नंबर व पाकळीची मिसळ असेल, तर तो स्वस्त माल नव्हे, हलक्या प्रतीचा माल हलक्या दरात आहे. भाजीत वाटण घालायला किंवा बर्फीला तो चालतोच, घ्यायला हरकत नाही. पण पाहुण्यांपुढे ठेवायच्या काजूशी त्याची तुलना करू नये.

पॅकिंगची तारीख बघावी. गर पिवळट पडलेला, खवट वासाचा किंवा भोकं पडलेला असेल तर तो जुना साठा. मसाला आणि मीठ लावलेल्या काजूत जुनेपणा पटकन कळत नाही.

बदाम-पिस्त्याचं गणित वेगळं आहे. बदाम मुख्यतः अमेरिकेतून येतो, पिस्ता इराण-अमेरिकेतून. त्यांचा दर डॉलर आणि आयात शुल्कावर हलतो. अमेरिकी बदाम-अक्रोडावर २०१९ मध्ये लावलेलं जादा शुल्क २०२३ मध्ये उठलं. सप्टेंबर २०२५ पासून बदाम-पिस्त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. काजूवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. बदाम स्वस्त झाला तर कोकणात कुणाचं नुकसान नाही. काजूचं तसं नाही.

गराला कुंपण, बीला नाही

मोठी दुकानं टनावारी माल उचलतात, स्वतः पॅकिंग करतात, कमी नफ्यावर जास्त खपवतात. त्यामुळे दर थोडा खाली येतो, हे खरं. पण खरा फरक पडतो तो बीच्या दरात.

देशातल्या काजू कारखान्यांना लागणारी सगळी बी देशात पिकत नाही. उरलेली आफ्रिकेतून येते. आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, टांझानिया ही त्यातली मुख्य नावं. टांझानियाचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे कोकणातली बी पडायच्या आधीच तिकडचा माल गोदामात येऊ शकतो. आयव्हरी कोस्टचा हंगाम तर कोकणाच्याच महिन्यांत चालतो. कारखानदाराकडे साठा असला की व्यापाऱ्याला गावात भाव वाढवायची घाई राहत नाही.

आता सरकारी धोरण बघा. परदेशी तयार गर स्वस्तात येऊ नये म्हणून जून २०१९ मध्ये केंद्राने किमान आयात किंमत वाढवली. अख्ख्या गराला किलोला ७२० रुपये आणि तुकड्याला ६८० रुपये. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात गरावरचं आयात शुल्क ४५ वरून ७० टक्के केलं. उलट कच्च्या बीवरचं शुल्क २०१८ मध्ये ५ वरून अडीच टक्क्यांवर आणलं होतं. म्हणजे कारखान्याच्या गराला कुंपण घातलं आणि शेतकऱ्याच्या बीचं फाटक उघडं ठेवलं. कारखाने चालले, त्यात कटिंग आणि सोलणीचं काम करणाऱ्या बायकांना रोजगार राहिला, ही जमेची बाजू नाकारता येत नाही. पण तोटा कुणाच्या खात्यावर गेला, तेही बोललं पाहिजे. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत काजू बी नाही.

आफ्रिकेतली बी इथे फोडली की बहुतेक पाकिटांवर पॅकिंग करणाऱ्याचा इथला पत्ता असतो. बी कुठल्या देशातली, ते गिऱ्हाइकाला कळत नाही. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, पण साध्या पाकिटात तो ओळखायचा कसा?

दहा रुपयांचा हिशेब

एक किलो गराला साधारण चार किलो बी लागते. बी चांगली वाळलेली, भरलेली असेल तर थोडी कमी, हलकी असेल तर जास्त. बीचा भाव समजा १२० रुपये धरला, तर किलोभर गरातली बी ४८० रुपयांची झाली. वर वाफवणं, फोडणं, सुकवणं, सोलणं, प्रतवारी, पॅकिंग, कर, वाहतूक आणि दुकानाचा नफा.

बीला १० रुपये वाढवून दिले तर गर किलोमागे ४० रुपयांनी महाग होतो. वर्षाला दोन किलो काजू खाणाऱ्या घराला ८० रुपये जादा पडतील. आणि एक टन बी विकणाऱ्या बागायतदाराच्या हातात १० हजार रुपये जादा येतील. बेणणीची मजुरी, ढेकण्यावरची फवारणी, वानरांची राखण यातला बराच खर्च त्यात निघतो.

राज्याने २०२४ च्या हंगामासाठी किलोला १० रुपयेच अनुदान जाहीर केलं होतं, तेही २ हजार किलोच्या मर्यादेत. शेजारी गोव्याने २०२३ मध्ये आधारभूत दर १२५ वरून १५० रुपये केला. सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यांची मागणी २०० रुपयांची आहे. त्या दराने किलोभर गरातली बीच ८०० रुपयांची होते, मग ९०० च्या ऑफरचा काजू मिळणार नाही, हेही मान्य करून बोलावं लागेल. पण १२० आणि २०० च्या मध्ये बरीच जागा आहे.

बागायतदाराच्या हातात काय

बाजार एका दिवसात बदलणार नाही. पण ओली बी त्याच संध्याकाळी रोखीसाठी घालायची सवय कमी करता येते. बी नीट वाळवून ठेवली तर ती टिकते. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत काजू बी आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज उचलता येतं आणि भाव बघून विकता येतं. जवळच्या समितीत ही सोय चालू आहे का, ते हंगामाआधी विचारून ठेवावं.

खाणाऱ्याच्या हातातही एक गोष्ट आहे. गावोगावी छोटे प्रक्रियादार आहेत. त्यांच्याकडे नंबर विचारून, किलोचा दर विचारून, बी कुठली ते विचारून काजू घेता येतो. त्यांचा दर ऑफरपेक्षा पन्नास रुपये जास्त असला, तर आधी १०० ग्रॅम मोजून बघावेत. कधीकधी तोच स्वस्त निघतो. स्वस्त निघाला नाही, तर ज्याला परवडेल त्याने पन्नास रुपये जास्त द्यावेत आणि ज्याला परवडत नाही त्याने ऑफरमधला घ्यावा. ऑफर घेणारा काही गुन्हेगार नाही. बाजूच्याच बागेतल्या बीला भाव देण्याची पहिली जबाबदारी धोरण ठरवणाऱ्यांची आहे. बीवरचं शुल्क किती असावं आणि पाकिटावर बीचा देश छापावा की नाही, हे दोन प्रश्न पुढच्या हंगामाआधी लोकप्रतिनिधींना विचारायला हवेत.